खुलासा

मा. आगार व्यवस्थापक, सांगली आगार, यांस –
तक्रार पुस्तक, पान एकोणचाळीस,
त्याचा हा खुलासा.
लेखी मागितलाय म्हणून लिहिते,
तोंडी असता तर एका वाक्यात झाला असता :
पोराला भूक लागली होती.

अकरा एप्रिल. सांगली–जत, दुपारी सव्वाबाराची.
गाडीत सत्तेचाळीस माणसं, बेदाण्याची दोन पोती
(लगेज फाडलंय, पावती सोबत जोडली आहे).
सीट सातवर एक बाई, मांडीवर पोर.
शिरढोण सुटलं आणि ते रडायला लागलं.
ती कानडीत समजावत होती, अळबेडा, अळबेडा.
मला कानडी येत नाही,
एवढं कळतं.

तिनं पाजायला घेतलं.
पदर होता. एप्रिलही होता.
पोरानं दोनदा पदर ओढून टाकला,
तिसऱ्यांदा तिनं तसाच राहू दिला.

सीट बारावरचे तक्रारदार म्हणाले,
"ओ कंडक्टर, काय चाललंय हे?
गाडीत लहान पोरं बसल्यात."
मी म्हटलं, त्यातलंच एक पितंय.
हे वाक्य त्यांनी पुस्तकात घेतलेलं नाही.
मग म्हणाले, "अर्ध्या तिकिटात बसायचं आणि वर हे.
मागं बसवा, न्हाईतर उतरवा खाली."

साहेब, पाच वर्षांखालचं मूल : तिकीट नाही.
अंगावर पिणारं मूल : वेगळा नियम नाही.
कुठल्या सीटवर भूक लागावी
याचं परिपत्रक माझ्या पाहण्यात नाही.
असल्यास एक प्रत मिळावी.

पलीकडची म्हातारी उठली.
वाटलं, आता हीपण.
बोललीच ती, "जरा झाकून तरी घ्यावं, बया."
आणि पिशवीतनं टॉवेल काढून
खिडकीच्या गजाला बांधायला लागली.
"पोराच्या डोळ्यावर ऊन येतंय," म्हणाली,
"त्यासाठी हाय ह्यो."
बारा नंबरकडं तिनं बघितलंसुद्धा नाही.

'वाहकाचे उद्धट वर्तन' म्हणजे हे :
मी म्हटलं, काका, खिडकी तुमच्या बाजूलापण आहे.
कुचीपर्यंत द्राक्षबागा आहेत.
आत्ताच छाटल्यात, पान नाही एकीला,
मालकानं उघड्याच ठेवल्यात,
त्या बघा.

आता जे पुस्तकात नाही ते.
त्या पोराच्या रडण्यानं
माझ्या खाकीवर दोन ओले डाग आले.
माझी मुलगी सात महिन्यांची. कवलापुरात, सासूबाईंजवळ.
वाटी-चमच्यानं पिते, चमचा चावते.
तिकिटाचं मशीन मी छातीशी धरलं
आणि नागज फाट्यापर्यंत
तशीच सुटे पैसे देत राहिले.
मला कुणी काही बोललं नाही.
माझं झाकलेलं होतं.

जतला ती बाई उतरली. पोर झोपलेलं,
ओठाच्या कडेला दुधाचा थेंब तसाच.
म्हातारीचा टॉवेल गाडीतच राहिला,
तो मी डेपोत जमा केलाय.

तिथल्या हिरकणी कक्षाला कुलूप होतं.
किल्ली कंट्रोलरकडे, कंट्रोलर जेवायला.
फटीतून बघितलं : खराटे, कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स,
पाती नसलेला पंखा.
मी बाथरूमच्या मोरीत दूध पिळलं.
जाळीतून पांढरं पाणी गेलं.
बाहेर परतीची गाडी पुकारत होते.

शेवटी 'यापुढे असे होणार नाही'
असं लिहून द्यायची पद्धत आहे.
ते मी लिहीत नाही.
यापुढेही पोरांना भूक लागणार.

तक्रारदारांनी माझा बॅज नंबर चुकवलाय,
सहाच्या जागी नऊ पडलाय.
बरोबर नंबर खाली देते,
नाहीतर कारवाई
दुसऱ्याच कुणावर व्हायची.

आपली विश्वासू,
सौ. अर्पणा हुलवान, वाहक